उन्हाच्या आड आलेली खोली

त्या घरात राहायला गेले त्या पहिल्याच दिवशी मालकांनी माझी इस्त्री काढून घेतली. टेम्पोतून सामान उतरत होतं, कुठला खोका कुठे ठेवायचा ते मी सांगत होते आणि हे गृहस्थ एकेक खोका उघडून आत डोकावत होते. मला वाटलं, मदत करतायत. इस्त्री दिसल्याबरोबर मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी त्यांनी ती वायरीला धरून उचलली, खाली नेली आणि स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. घर सोडाल तेव्हा परत मिळेल, असं वर ऐकवलं. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली. घरमालक पाण्यावरून अडवतात, पाहुण्यांवरून टोमणे मारतात, जिन्यातल्या चपलांवरून भांडतात, हे सगळं मला पाठ होतं. पण इस्त्री जप्त झाल्याचं कधी ऐकलं नव्हतं. मी इतकी हबकले की भांडायचंसुद्धा सुचलं नाही.

कारण त्यांनी संध्याकाळी चहा पिताना सांगितलं. विजेवर दिवा लावावा, पंखा फिरवावा, पंप चालवावा. पण विजेवर कुठलीही वस्तू तापवायची म्हणजे त्यांच्या लेखी पाप. कोळसा पेटवून पाणी उकळायचं, त्या वाफेवर चक्र फिरवून वीज करायची, ती कुठून कुठून तारांवरून घरापर्यंत आणायची आणि घरी आणून तिचा पुन्हा विस्तवच करायचा, हा सगळा व्यवहार त्यांना किळसवाणा वाटायचा. तापवायला ऊन आहे की, असं त्यांचं म्हणणं. त्या घरात गिझर नव्हता, विजेची शेगडी नव्हती. मिक्सरला परवानगी होती. कपड्यांच्या सुरकुत्या मोडायच्या तर ते गच्चीवरच्या काळ्या पिंपातलं चटका बसेल असं पाणी पितळी लोट्यात भरून द्यायचे. आठवड्यातून एकदा ऑफिसला जायचे तेव्हा मी लोट्याखालून काढलेला कुर्ता घालून जायचे, आणि तो तसाच दिसायचा.

यातली गंमत अशी की माझी नोकरीच या विषयातली. महाळुंग्याच्या एका कंपनीसाठी मी अक्षय ऊर्जेवरचे अहवाल लिहायचे. सौर, पवन, पाण्याची वीज, शेणाचा गॅस, बॅटऱ्या, हायड्रोजन. कुठलं तंत्रज्ञान कुठवर आलंय आणि पुढे किती वाढेल, याचा आढावा. काम बहुतेक घरूनच असायचं. शांतता हवी म्हणून मी कोळवण खोऱ्यातली ही माडीवरची, गच्चीला लागून असलेली खोली घेतली होती. खाली मालक एकटे राहायचे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. खिडकीतून भाताची खाचरं दिसत, पलीकडे डोंगर, आणि मी आत बसून जगातल्या पवनचक्क्यांचे अंदाज बांधत असे.

मालकांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडू असायचा. हा खडू कशासाठी, ते मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अंगणात दात घासत उभी होते, तर पायाशी काहीतरी सरसरलं. दचकून पाहिलं तर मालक उकिडवे बसून माझ्या सावलीभोवती खडूची रेघ ओढत होते. मी किंचाळलेच. त्यांना माझ्या किंचाळण्याचं नवल वाटलं. कुठल्या महिन्यात कुठली सावली कुठवर जाते ते नको का बघायला, असं ते शांतपणे म्हणाले आणि मला जरा डावीकडे सरकायला सांगितलं. त्यांच्या अंगणात तुळशीची सावली, सायकलची सावली, झोपलेल्या कुत्र्याची सावली अशी सगळीकडे चित्रं काढलेली असायची. गावातल्या काही बायका त्या रेघांवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून जायच्या. करणीबिरणी असेल, असा त्यांना संशय होता.

ऊन, वारा, पाणी आणि शेण यांच्याबद्दल ते भावकीतल्या माणसांबद्दल बोलावं तसे बोलायचे. ऊन सरळमार्गी, पण पावसाळ्यात चार महिने तोंड दाखवणार नाही. पाणी मुजोर, आलं की सगळंच अंगावर घेऊन येणार. शेण इमानी, पण थंडीला हळवं. आणि वारा निव्वळ लबाड. वाऱ्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा, तेव्हा मला कारण माहीत नव्हतं.

हे सगळं नुसतं बोलण्यापुरतं असतं तर ठीक होतं. पावसाळ्यात मुळशीत ऊन म्हणजे काय ते विसरायला होतं. गच्चीवरचे त्यांचे सौर पॅनल आषाढ लागला की नुसते भिजत पडायचे. तेव्हा मालक ओढ्यावर जायचे. भंगारातून आणलेल्या वॉशिंग मशीनच्या मोटरला त्यांनी पाती बसवली होती आणि ओढ्याचं पाणी पाइपातून त्या पात्यांवर सोडलं होतं. माझा अजिबात विश्वास नव्हता. पण सगळ्या खोऱ्याची लाइट गेलेली असताना आमच्या पडवीत दिवे ढणढण जळायचे आणि मालक त्याखाली बसून लसूण सोलायचे. मी अहवालांत लघुजलविद्युत हा शब्द किती वेळा लिहिला असेल, पण ती चीज लसूण सोलण्याच्या कामी आलेली पहिल्यांदा पाहिली. मग एका मोठ्या पावसात ओढ्याने मोटर, पाइप, पाती सगळं उचलून नेलं. मालक काठावर उभे राहून पाण्याला शिव्या देत होते. पाण्याला इतक्या घाण शिव्या देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

थंडीतली गोष्ट तर मी अजून कुणाला पटवू शकलेले नाही. मार्गशीर्षात एका सकाळी माझी दुलई सापडेना. आईने शिवून दिलेली, सातारी खणाची. घरभर शोधली आणि शेवटी परसात गेले तर ती गोबरगॅसच्या टाकीवर पांघरलेली. वर पेंढा, त्यावर मालकांची स्वतःची घोंगडी. थंडी पडली की शेण गॅस करायचं कमी करतं, हे खरं आहे, मी लिहिलंही होतं कुठेतरी. पण म्हणून कुणी माझी दुलई शेणावर घालेल, हे माझ्या स्वप्नात नव्हतं. मी तावातावाने जाब विचारला. मालक म्हणाले, काल चहाला गॅस पुरला नव्हता, आज बघा. चहा झाला. मी तो प्यायले नाही, निदान त्या दिवशी तरी.

शनिवार-रविवारी खोऱ्यात शहरातली माणसं आपापल्या फार्महाउसवर यायची. त्यातल्या एका गृहस्थांची विजेवरची गाडी आमच्या दारासमोर बंद पडली. चार्जिंग संपलेलं. त्यांनी विनंती केली, घरातल्या प्लगवर लावू द्या. मालकांनी मान्य केलं, पण लाइनच्या विजेवर नाही, पॅनलच्या. ते सकाळी आले होते. ऊन चढलं तशी गाडी घोट घोट वीज पिऊ लागली. गृहस्थ घड्याळ बघून हैराण झाले, त्यांनी पैसे देऊ केले, आवाज चढवला, शेवटी पडवीत बसले. मालकांनी त्यांना पिठलं-भाकरी वाढली आणि विजेचं भवितव्य समजावलं. वीज पिकवणारे आता गल्लोगल्ली होतील, खरा प्रश्न साठवणीचा आहे. ‘पिकवाया काय, कुनीबी पिकवंल. कणगी कुटं हाय?’ असं ते प्रत्येक वाक्यामागे विचारायचे. भात ठेवायला जशी कणगी तशी विजेला बॅटरी, किंवा डोंगरावरचं तळं. दुपारी फुकट जाणाऱ्या विजेवर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी गरज पडली की खाली सोडायचं. हायड्रोजनचा विषय निघाला तर म्हणाले, काढू द्या की पाण्यातून गॅस, पण तो न गळणारं भांडं कोण आणणार? यातलं थोडं बरोबर होतं, थोडं त्यांनी रेडिओवर अर्धवट ऐकलेलं होतं, आणि बॅटऱ्या कधीच स्वस्त होणार नाहीत हे त्यांचं भाकीत तर तेव्हाच खोटं ठरत चाललं होतं. गृहस्थ संध्याकाळी निघाले. जाताना मालकांच्या पाया पडले. मला कशाचा जास्त धक्का बसावा तेच कळेना.

माझा एक अहवाल त्यांनी एकदा मागून घेतला. इंग्रजी वाचता येत नव्हतं, आलेख पाहिले. सौरऊर्जेची रेघ उजवीकडे झपाट्याने वर गेलेली होती. ते बराच वेळ बघत बसले आणि मग अगदी मनापासून विचारलं की ही रेघ वर चढताना कुणाच्या घरावरून, कुणाच्या रानावरून गेली? मी म्हटलं, मालक, हा आलेख आहे, रस्ता नव्हे. ते हसले. माझं उत्तर बरोबरच होतं, असं मला अजूनही वाटतं.

आता शेजारच्या घराबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्या घरावरून झालं. आमच्या घराला खेटून उत्तरेला तसंच दुसरं घर होतं. तिथे मालकांच्या थोरल्या भावाची बायको राहायची. भाऊ वारले होते, मुलं पिंपरीला नोकरीला. मी त्यांना मावशी म्हणायचे. दीर-भावजयींमध्ये एकच भिंत होती आणि त्यांचं बोलणं बंद होतं. कधीपासून, तर मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी हात उडवून ‘लई वर्सं’ एवढंच सांगितलं. मागचा गोठा तेवढा वाटणीत दोघांच्या नावावर राहिलेला, म्हणून तो कुणीच वापरत नव्हतं. मालक म्हैस पडवीत बांधायचे आणि मावशी आपली गाय अंगणात, आणि चांगला पत्र्याचा प्रशस्त गोठा मधे रिकामा.

बोलणं बंद म्हणजे निरोप बंद असं नव्हे. सकाळी नळाला पाणी येणार असलं की मालक म्हशीला मोठ्याने सांगायचे. मावशी पलीकडून कोंबड्यांना सांगायच्या की आमी भरून ठिवलंय. महत्त्वाचं काही असलं तर मी. ‘त्यांना म्हनावं,’ असं दोन्हीकडून सुरू व्हायचं. मी माडीवरून उतरून पलीकडच्या दारात जायचे, बोलायचे, उत्तर घेऊन यायचे. दोघांना एकमेकांचं सगळं भिंतीतून ऐकू यायचं, तरी मी जाऊन येईपर्यंत ते वाट बघायचे. पहिल्यांदा हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला हसावं की रडावं ते समजेना.

भांडणाचं कारण मला मावशींनी एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं. दोघांच्या बांधावर एक आंबा होता. त्यांच्या नवऱ्याने लग्नानंतर लावलेला. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मालकांनी पवनचक्की करायला घेतली. लोखंडी खांब, वर प्लॅस्टिकच्या पाइपाची पाती. वाऱ्याला आंबा आडवा येतो, असं त्यांनी ठरवलं आणि मावशी माहेरी गेलेल्या असताना आंबा तोडून टाकला. मावशी परत आल्या तर बांधावर नुसता बुंधा. आणि ती पवनचक्की कधी फिरलीच नाही. चारी बाजूंनी डोंगर, खोऱ्यात वारा पोचतच नाही. खांबावर कावळे बसायचे. एका वादळात पाती निघून खाचरात पडली, तेवढाच काय तो तिला वारा लागला. मावशी हे सांगताना रडल्या नाहीत. सूप पाखडत राहिल्या आणि म्हणाल्या की निदान चक्की फिरायला तरी पायजे हुती.

त्याच मावशींच्या घरी चैत्रात गिरणी आली. भात सडायची छोटी गिरणी, थेट उन्हावर चालणारी, बॅटरी नाही काही नाही. शहरातल्या एका संस्थेने ती खोऱ्यातल्या बायकांच्या गटाला दिली होती. जागा कुणी देईना, तेव्हा मावशींनी आपल्या घराची मागची खोली दिली, पत्र्यावर पॅनल बसवू दिले, आणि बायकांना दारोदार फिरून तयार केलं की यंदा भात पौडच्या गिरणीला न्यायचा नाही, हितंच सडायचा. अट एकच होती. हा हंगाम गिरणी नीट चालली तर ती गटाची, नाहीतर संस्था ती उचलून दुसऱ्या गावाला देणार. मावशी उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घराबाहेरच्या कशाच्या तरी पुढे उभ्या राहिल्या होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. चैत्र-वैशाखात त्यांनी घरातलं जुनं भात सडून पाहिलं, गिरणी झकास चालली. मालक भिंतीला कान लावून ऐकायचे, ते मी स्वतः पाहिलंय.

मग पाऊस झाला, भात झालं, झोडणी झाली, आणि बायका पोती घेऊन आल्या. गिरणी सकाळी सुरू व्हायची आणि ऊन जरा वर आलं की घरघरत मंदावायची. दुपारी पूर्ण गप्प. पुन्हा उन्हं कलताना जरा जीव धरायची. संस्थेचा माणूस दुचाकीवरून आला, वायरी तपासल्या, सगळं ठीक आहे म्हणाला, वरच्यांना कळवतो म्हणून गेला. बायका एक-दोन दिवस थांबल्या, मग एकेक पोतं पुन्हा पौडच्या जीपमध्ये चढायला लागलं. मावशी दारात उभ्या राहून ते बघायच्या. कुणाला अडवायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणायच्या, हुईल काय तरी.

मालकांनी त्या दिवसांत जेवण टाकलं. भिंतीशी बसून असायचे. गिरणी गप्प झाली की उठायचे, गच्चीवर जायचे, खाली यायचे. एका दुपारी ते गच्चीवर गेले ते सरळ माझ्या दारात आले. हातात खडू होता. मला बाहेर बोलावून त्यांनी कठड्यावरून खाली दाखवलं. मावशींच्या पत्र्यावर पॅनल ओळीने लावलेले, आणि त्या ओळीच्या जवळजवळ अर्ध्या भागावर एक काळी, सरळ कडांची सावली पडलेली. सावली माझ्या खोलीची होती. चैत्रात सूर्य डोक्यावर असताना ती पत्र्यापर्यंत पोचतच नव्हती. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलला आणि ती बरोबर भाताच्या हंगामात तिथे जाऊन बसली. ओळीतल्या थोड्या पॅनलवर जरी सावली पडली तरी सगळी ओळच निजते, जोडीतला एक बैल बसला की गाडी थांबते तशी. हे ज्याने मला दहादा समजावलं होतं, कुत्र्याच्या सावलीलासुद्धा ज्याने रेघ मारली होती, त्याला आपल्याच माडीची सावली दिसली नव्हती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, यांना काही होतंय. मी पाणी आणून दिलं. ते न पिता खाली गेले.

म्हणजे ज्या खोलीत बसून मी सौरऊर्जेच्या वाढीचे अंदाज लिहीत होते, तीच खोली खालची गिरणी बंद पाडत होती. हे जाणवलं तेव्हा मी खरोखर सुन्न झाले. पण उपाय सोपा वाटत होता. पॅनल हलवायचे, दुसरं काय? मी मनात म्हटलं, आज ना उद्या मालक मला निरोप घेऊन पाठवतील.

निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी ऑफिसबरोबर ऑनलाइन मीटिंग चालू होती. पुढच्या काही वर्षांत घरांच्या छपरावरची सौरवीज किती वाढेल, यावर मी बोलत होते. डोक्यावर धडाधड आवाज झाले. पत्र्यावर माकडं आली असतील म्हणून मी बोलत राहिले. मग माझ्या लॅपटॉपवर एकदम ऊन पडलं. वर पाहिलं तर पत्रा नव्हता. मालक भिंतीवर उभे होते आणि दुसरा पत्रा सोडवत होते. साहेबांनी विचारलं की तुम्ही बाहेर बसला आहात का. वरून मालक म्हणाले, ‘ताई, सामान तेवढं खाली घ्या. भिंती पाडायच्यात.’

मी खूप ओरडले. भाडं भरलंय, नोटीस हवी, कायदा आहे, पोलिसांत जाईन, जे सुचेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहारीने पहिली वीट काढली. गावातली माणसं खाली जमली. कुणी म्हणालं, बांधकाम बेकायदा असणार. कुणी म्हणालं, आता पुरताच कामातून गेला. एकाने सांगितलं की गुप्तधन शोधतोय. मालक विटा काढत होते. दोन गडी मदतीला घेतले होते, पण स्वतः थांबत नव्हते. अंगभर चुना-माती, बोटं सोललेली. संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीच्या जागी आभाळ होतं आणि मी माझे खोके घेऊन त्यांच्या पडवीत म्हशीशेजारी बसले होते. मावशी दिवसभर आपल्या दारातून बघत होत्या. कोंबड्यांशीसुद्धा बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं. पलीकडे गिरणी सुरू झाली. मी पडवीतच होते, मालक ओट्यावर बसले होते. ती नेहमी मंदावायची ती वेळ आली आणि गेली. गिरणी चालत राहिली. दुपार झाली, आवाज तसाच, एकसारखा. मालकांनी डोळे मिटले. मला तेव्हाही त्यांचा राग येत होता. मी म्हटलं की पॅनल हलवता आले असते, मागचा गोठा रिकामा आहे, त्यावर सावली नाही, काही नाही. मावशींना एक निरोप धाडायचा होता, मी गेले असते. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. भर पौडच्या एसटी स्टँडवर कपडे काढायला सांगितलं असतं तरी ते इतके दचकले नसते. हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. खोली पाडता येते हे त्यांना सुचलं होतं, आणि विचारता येतं हे सुचलं नव्हतं.

तेवढ्यात मावशी आल्या. अंगणाची हद्द ओलांडून त्या इकडे आलेल्या मी तरी कधी पाहिल्या नव्हत्या. केसांवर, भुवयांवर कोंडा, पदर खोचलेला. त्या खडूच्या रेघांवर पाय देऊन सरळ ओट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मालक उठून उभे राहिले. मी आपोआप पुढे झाले, निरोप घ्यायला. मावशींनी मला हातानेच बाजूला केलं.

‘आंबा पाडला तवा इचारलं न्हाई,’ त्या दिराकडे बघत म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. ‘खोली पाडली तवाबी इचारलं न्हाई. पत्र्यावरची सावली मलाबी दिसत हुती, पर गोठा दोगांचा हाय म्हनून मी गप ऱ्हायले. तुमी येऊन इचारलं असतं, तर त्यावर टाकले असते पॅनल.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘आंब्यालाबी मी व्हय म्हनले असते, भावजी. तुमी इचारलंच न्हाई.’

कुठल्याही गोष्टीवर ज्यांच्याकडे उत्तर तयार असायचं, ज्यांनी परक्या माणसाला दिवसभर बसवून विजेचं भवितव्य ऐकवलं होतं, ते खाली बघत उभे राहिले. सोललेल्या बोटांनी सदऱ्याचं टोक चुरगाळत होते. इतक्या वर्षांचं बांधावरचं ऊन आणि सावली त्यांच्या डोक्यात कुठल्या कुठे फिरत असतील, देव जाणे. पलीकडे गिरणी चालूच होती. मावशी वाट बघत उभ्या होत्या.

‘वयनी,’ अखेर ते म्हणाले. ‘गिरणी बगाया येऊ का?’

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि वळून चालायला लागल्या.

‘चपला भाईर काढा,’ त्या पुढे बघतच म्हणाल्या. ‘आत तांदूळ सांडलाय.’